दोन्ही घरी शहाणी

विहीणबाई,

तुमच्या दहाव्याला घाटावर पाच-सहा भाषणं झाली. प्रवचन झालं ते वेगळंच. पांढऱ्या कपड्यातले एक गृहस्थ उशिरा आले, त्यांच्यासाठी माईक थांबवून ठेवला होता. ते म्हणाले, आक्का म्हणजे शांत, संयमी, मितभाषी व्यक्तिमत्त्व. माझ्या शेजारी तुमच्या धाकट्या जाऊबाई बसल्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला. मला आधी वाटलं हुंदका आला. नंतर कळलं, हसू आवरत होत्या. म्हणाल्या, "ह्यो मानूस दुसऱ्याच कुणाच्या दहाव्याला आलाय."

तुमचा आवाज तुमच्या रोपवाटिकेच्या या टोकाहून त्या टोकाला जायचा आणि मध्ये सोलापूर रस्त्यावरचे ट्रक असले तरी जायचा. तुम्ही मितभाषी असतात, तर आपली ओळख लग्नातल्या मानपानापुरतीच राहिली असती आणि माझं फार मोठं नुकसान झालं असतं. घाटावर मला बोलायला सांगितलं होतं. मी नको म्हटलं. त्या माईकसमोर तुमच्याशी भांडता आलं नसतं, आणि भांडल्याशिवाय तुमच्याशी कसं बोलायचं, हे मला अजून माहीत नाही. म्हणून इथे.

सुरुवातीला तुम्ही मला अजिबात आवडला नव्हतात. तुम्हाला हे माहीत होतं. मुग्धाच्या लग्नात तुम्ही आमच्या ह्यांना इतका मोठा फेटा बांधवलात की तो चष्म्यावर उतरला आणि अर्धं लग्न त्यांनी ऐकूनच पार पाडलं. ड्रोन होता, घोडी होती, आणि ज्यांचं कुणालाही काही ऐकू येत नव्हतं अशा पाहुण्यांचे सत्कार होते. मी तुमच्या संदीपला पहिल्याच आठवड्यात विचारलं, "तुमच्याकडे साधं काही करतात का?" त्यानं ते इमानदारीनं तुम्हाला सांगितलं. तुम्ही निरोप पाठवलात: "करतो. लग्न सोडून समदं." तेव्हाच मला संशय यायला हवा होता की ही बाई आपल्याला पुरून उरणार.

मग जुई झाली.

आठवड्याचे पाच दिवस शाळेतून ती माझ्याकडे कोथरूडला, शनिवार-रविवार तुमच्याकडे लोणीला. मुग्धा आणि संदीप यांना ती रात्री झोपलेली मिळायची, हा त्यांचा फायदा. जागी जुई म्हणजे काय, ते आपल्या दोघींना ठाऊक. ती खुर्चीवर बसत नसे, खुर्चीवरून जात असे. एक प्रश्न विचारायची आणि उत्तर यायच्या आत दुसऱ्या खोलीतून तिसरा विचारायची. डबा, पाण्याची बाटली, एक बूट, अशी तिची संपत्ती पुण्यात ठिकठिकाणी पसरलेली असे. तिसरीत गेल्यावर शाळेनं मुग्धाला बोलावलं. वर्गात बसत नाही, वही पूर्ण नाही, शेजारच्या मुलीला बोलून बोलून दमवते. शाळेतल्या कौन्सेलर बाईंनी एक प्रश्नावली भरून घेतली, बेरीज केली आणि सांगितलं, एडीएचडी दिसतंय, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आजार, डॉक्टरांना भेटा, बहुतेक गोळी सुरू करावी लागेल. बेरीज करायला किती वेळ लागला, असं मी मुग्धाला विचारलं. ती म्हणाली, "आई, प्लीज."

त्या रविवारी तुमच्या ओसरीवर मी भाषण दिलं. घाटावरच्या गृहस्थांना लाजवेल असं. आमच्या वेळी अशा मुलांना द्वाड म्हणत, मग ती मोठी होऊन कामाला लागत. आता द्वाडपणाला इंग्रजी अक्षरं मिळाली आणि अक्षरं मिळाली की फी आलीच. एका वर्गात साठ मुलं कोंबायची, मैदानावर पार्किंग करायचं, आणि मूल चुळबुळलं की दोष मुलाच्या मेंदूत. मी यावर बरंच वाचलं होतं, तेही सगळं सांगितलं. तुम्ही मोगऱ्याच्या रोपांना पाणी घालणाऱ्या बाईवर मधूनमधून ओरडत ऐकत होतात. शेवटी म्हणालात:

"झालं का ताई? मग त्या डॉक्टरची वेळ घ्या."

"म्हणजे तुम्हाला पटलं नाही."

"पटलं की. पर पोरगी रोज रडत येती शाळेतनं, त्याचं काय? मला बीपीची गोळी हाय, शुगरची हाय. तिला लागली तर लागली. गोळीला कसली आलीय लाज?"

मला धक्का बसला होता, तो आज कबूल करते. माझा हिशेब असा होता की मी गोळीच्या विरोधात आणि तुम्ही माझ्याहून विरोधात असाल. काढा, ब्राह्मी, दृष्ट, असलं काहीतरी सुचवाल आणि मग मी मध्यममार्गी शहाणी ठरेन. तुम्ही मला ती जागाच दिली नाहीत.

डॉक्टरांकडे आपण दोघीही गेलो. जायची गरज नव्हती. पण मला येऊ नको म्हणायची मुग्धाची हिंमत नव्हती आणि मी येतेय म्हटल्यावर तुम्हाला वगळायची संदीपची नव्हती. डॉक्टर तरुण होत्या, कर्वे रस्त्याजवळच्या एका इमारतीत वरच्या मजल्यावर बसायच्या. टेबलासमोर आपण चौघं रांगेत, आणि जुई टेबलाखाली.

त्यांनी विचारलं, घरी जेवताना एका जागी बसते का?

मी म्हणाले, "आमच्याकडे बसते."

तुम्ही लगेच, "आमच्याकडं तर ताट पुसून उठती."

सांगितलेलं एका वेळी ऐकते?

"आमच्याकडे एकदा सांगितलं की पुरतं."

"आमच्याकडं सांगावंच लागत न्हाई."

मुग्धाला हे सगळं ऐकून ठसका लागला. पण सासूला खोटं कसं पाडायचं? संदीपनं छताकडे पाहिलं. त्याला माझी पंचाईत करायची नव्हती. नवराबायकोंनी एकमेकांच्या आईचा मान राखला, आणि आपण दोघी आपापल्या घराण्याचा. वेड असलंच तर ते माझ्याकडून आलेलं नाही, हे मला सिद्ध करायचं होतं, आणि तुम्हाला, ते तुमच्याकडून आलेलं नाही हे. पाच मिनिटांत आपण त्या टेबलाखालच्या मुलीला असं काही सद्गुणी करून ठेवलं की तिला कुणी ओळखलं नसतं.

डॉक्टर सावकाश म्हणाल्या, "हे निदान करायचं तर त्रास एकाहून जास्त ठिकाणी दिसावा लागतो. घरीही, शाळेतही. तुमच्या दोन्ही घरी ती इतकी छान राहत असेल, तर मला हे एडीएचडी म्हणता येणार नाही. शाळेत काय होतंय ते शोधू."

मी जिंकले होते. जिना उतरताना मी माझ्या वयाला न शोभणाऱ्या चालीनं उतरत होते. "बघितलंत? मी म्हणतच होते. नुसती लेबलांची चिकटवाचिकटवी." तुम्ही मधल्या पायरीवर बसलात. गुडघा दुखतोय असं मला वाटलं.

"ताई, ती तुमच्याकडं जेवताना बसती?"

मी कठडा धरून खालच्या पायऱ्यांकडे पाहिलं.

"आमच्याकडं बी न्हाई बसत. काल आमटीची वाटी घिऊन गोठ्यात गेली व्हती."

"मग आत सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही म्हणला तुमच्याकडं बसती. मग काय मी म्हणू, आमच्याकडं येऊन बिघडती?"

आणि तुम्ही उठलात, जिना पुन्हा चढलात, थांबलेल्या लोकांमधून, स्वागतिकेच्या "अहो मॅडम, अहो आजी" यांच्यामधून, थेट आत. मी मागे. तुम्ही उभ्यानंच म्हणालात, "डॉक्टरीणबाई, पोरीचं परत लिवा. आम्ही दोघीबी खोटं बोललो."

"दोघी?"

"हां. ह्या शिकलेल्या हायत, म्हणून ह्यांचं खोटं जरा बऱ्या भाषेत व्हतं."

आयुष्यात मला इतकं नेमकं कुणी सुनावलं नाही, आणि मी सदाशिव पेठेत वाढले आहे. डॉक्टर हसल्या, मग मी हसले, मग बाहेरच्या बाकावर बिलासाठी थांबलेला संदीप हसताना ऐकू आला. त्या दिवसापासून मी तुमच्यावर प्रेम करायला लागले. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. विहिणीला असं सांगायची पद्धत कुठल्याच घरात नाही.

मग खरं लिहिलं गेलं. दोन्ही घरी चुळबुळ, दोन्ही घरी विसरणं, आणि उशिरापर्यंत जागरण. कान तपासले, डोळे तपासले. डावा डोळा बराच कमी निघाला, फळ्यावरचं तिला धड दिसतच नव्हतं, चष्मा लागला. मी पुन्हा जिंकायला उठले, पण चष्म्यानं फळा दिसू लागला तरी जुई खुर्चीत दिसू लागली नाही. डॉक्टर म्हणाल्या, "निदानाची घाई नको, आणि निदान खोडून काढायचीही नको. औषध वाईट नसतं. काही मुलांना त्याचा खरंच उपयोग होतो. पण आधी तुम्ही मोठी माणसं काही गोष्टी नीट करून बघा, मग मी तिला पुन्हा बघते." झोप वेळेवर. जेवताना मोबाइल नाही. अभ्यास तुकड्यातुकड्यानं, मध्ये अंगाला काम. एका वेळी एकच सूचना. चांगलं केलं की तिथल्या तिथे कौतुक. आणि दोन्ही घरी एकच नियम.

दोन्ही घरी एकच नियम! त्या बिचारीला कल्पना नव्हती की आपण काय मागतोय. लग्नात आहेरावरून ज्या दोन घरांचं एकमत झालं नाही, त्यांनी आता झोपायची वेळ ठरवायची. फोनवर किती तह झाले. तुम्ही म्हणायचात, कोथरूडच्या वेळेला लोणीत अजून चूल पेटलेली नसती. मी म्हणायचे, मग पेटवा लवकर. आणि तुम्ही पेटवलीत. त्या मुलीसाठी तुमच्या घरातला रात्रीचा स्वयंपाक दिवेलागणीला होऊ लागला, पुरुष माणसं कुरकुरली, तुम्ही त्यांना ऐकवलंत ते मला फोनमधून ऐकू आलं.

माझी अडचण कौतुकाची होती. आमच्याकडे उत्तम झालं की "बरं झालंय" म्हणतात आणि अप्रतिम झालं की गप्प बसतात. जुईनं पहिल्यांदा अर्धं पान न उठता लिहिलं, तेव्हा मी म्हणाले, "वाईट नाही." तिनं ते तुम्हाला सांगितलं. रात्री तुमचा फोन.

"ताई, 'वाईट न्हाई' म्हंजे कौतुक नव्हं."

"आमच्यात असतं."

"पोरगी तुमच्यातली अर्धीच हाय. 'शाब्बास' म्हणा. म्हणून दावा."

"आत्ता? फोनवर?"

"आत्ता."

मी म्हणाले. ह्यांनी बाहेरच्या खोलीतून विचारलं, कोणाला शाब्बास म्हणतेस? मी म्हटलं, सराव करतेय.

तुम्हीही काही संत नव्हतात. जेवताना मोबाइल नाही असं ठरवून तुम्ही जास्वंदीच्या रोपांमागे तिला मोबाइलवर गाणं लावून घास भरवत होतात. जुईनंच फोडलं. मी जाब विचारला तर म्हणालात, "एकच घास ऱ्हायला व्हता." मी विचारलं, गाणं किती वेळ चाललं होतं? तुम्ही म्हणालात, "घास मोठा व्हता."

पण आपला खरा वाद मातीच्या पिशव्यांवरून होता. तुमच्याकडे जुई रोपांच्या काळ्या पिशव्या मातीनं भरायची. तासन्‌तास. मी ते डोळ्यांनी पाहिलं आणि मला पुरावा सापडला. हिला लक्ष देता येतं, मग लक्षाचा आजार कसला? आजार त्या वर्गाला आहे. तुम्ही म्हणालात, नीट बघा, ती बसत न्हाई. चार भरती, पळती, कुत्र्याला हाका मारती, परत येती. हितं पळायला मुभा हाय म्हणून ती परत येती. आणि आवडीचं काम हाय. नावडतं कधी करायचं मग? डॉक्टरांनीही नंतर तेच सांगितलं, आवडत्या कामात रमणं म्हणजे अडचण नाही असं नाही. मला ते अजून पूर्ण पटलेलं नाही. तुम्हालाही माझं ते वर्गाचं म्हणणं पूर्ण खोटं वाटत नव्हतं. तुम्ही शाळेत जाऊन बाईंना तिची जागा खिडकीपासून हलवायला लावलीत आणि मध्येच वह्या वाटायचं काम तिला मिळवून दिलंत. तुम्ही तिथे काय बोललात ते कळलं नाही. संदीप म्हणतो, विचारू नका.

फरक पडत गेला. पान तीन तुकड्यांत वाचून होऊ लागलं. शाळेतून येऊन रडणं जवळजवळ थांबलं. वह्या मात्र अपुऱ्याच. डॉक्टरांनी दिलेली पुढची तारीख जवळ आली, तेव्हा गुरुवारी संध्याकाळी तुमचा फोन आला.

"काय सांगायचं ह्या खेपंला?"

"खरं सांगायचं," मी म्हणाले. "पण गोळी नको. इतकं चाललंय की चांगलं."

"आन् लागलीच तर?"

"बघू."

"तुमच्या कोथरूडात 'बघू' म्हंजे 'नको'. ताई, आपण केलं ते पोरीसाठी केलं का गोळीला हरवायला?"

मी उत्तर जुळवत होते. माझ्याकडे चांगलं उत्तर होतं. तेवढ्यात तुमच्याकडे टेम्पो आला, कुणीतरी हाक मारली. तुम्ही म्हणालात, "गाडी आली मातीची. ऱ्हायलेलं उद्या भांडू."

त्या 'उद्या'च्या सकाळी चहा घेता घेता तुम्ही गेलात. राहिलेलं सगळं माझ्याकडे आलं.

आता पुढचं ऐका, कारण ते तुम्हाला सांगायला दुसरं कुणी नाही.

जुई घाटावर नव्हती. तिला मुग्धानं सांगितलं तेव्हा तिनं पाण्याची बाटली जागेवर नेऊन ठेवली. ती पुन्हा शाळेत जाऊ लागली. दुपारी माझ्याकडे यायची, बूट दोन्ही जागेवर ठेवायची, जेवायची, बसायची. मी अभ्यासाला म्हटलं की अभ्यासाला बसायची. पान सलग वाचायची. एकही प्रश्न नाही. वर्षानुवर्षं ज्या मुलीला मी "जरा बस गं" म्हणत आले, ती बसली होती, आणि मला घरात थांबवेना. मी उगाच खाली जाऊन भाजी आणायचे.

मग शाळेतल्या बाईंचा मेसेज आला. मुग्धानं मला फोन पुढे केला, तिला तो वाचून दाखवता येईना. जुईमध्ये खूप छान बदल दिसतोय. शांत बसते, बोलत नाही, वह्या पूर्ण आहेत. औषध सुरू केलंत का?

विहीणबाई, तुम्ही असतात तर त्या बाईंची खैर नव्हती. मी मात्र फोन मुग्धाला परत दिला. आपणही तेच तर मोजत आलो होतो: बसली का, किती वेळ बसली.

ठरलेल्या दिवशी आम्ही डॉक्टरांकडे गेलो. या वेळी तिघंच. जुई खुर्चीवर, हात मांडीवर. डॉक्टरांना तुमचं कळलं होतं. त्यांनी तुमच्या खुर्चीकडे पाहिलं आणि मला विचारलं, दोन्ही घरचं काय म्हणणं? कोथरूडचं मी दोन वाक्यांत सांगितलं. मग लोणीचं सांगितलं. सांगायला कुणी नव्हतं म्हणून मलाच सांगावं लागलं. गोळीला लाज कसली, लागली तर द्यावी, आपण कुणाला हरवायला बसलेलो नाही, आणि नावडतं कामही तिला कधीतरी करावंच लागणार आहे. तुमची बाजू मी इतकी नीट मांडली की संदीप माझ्याकडे बघत राहिला. माझं ते चांगलं उत्तर, गुरुवारचं, मला आठवलंच नाही.

डॉक्टर जुईला घेऊन आतल्या खोलीत गेल्या, बऱ्याच वेळानं आल्या. म्हणाल्या, "आता काहीच ठरवायचं नाही. आजी गेलेल्या मुलीचं लक्ष मोजायचं नसतं. हे बसणं सुधारणेत धरू नका. तिला तिच्या आजीबद्दल बोलू द्या. जे चालू आहे ते चालू ठेवा, सुट्टीनंतर बघू. तेव्हा गोळीची गरज वाटली तर मी स्पष्ट सांगेन." मी "बरं" म्हणाले. या वेळी "बघू" म्हणाले नाही.

तेव्हापासून मी तिला रोज तुमच्याबद्दल सांगते. तुमचा आवाज काढून दाखवते. मला तो जमत नाही, माझ्या गळ्यात तेवढी जागा नाही. ती ऐकायची आणि मान हलवायची.

काल दुपारी ती गणिताला बसली होती. मी जरा डोळे मिटले. स्वयंपाकघरात मोठा आवाज झाला. जाऊन पाहते तर ही ओट्यावर उभी, एक हात वरच्या फळीवर, आणि खाली रव्याचा डबा उपडा. ओट्यावर रवा, केसांत रवा, चष्म्यावर रवा. मला बघून घाबरली नाही. म्हणाली, "आजी, लोणीच्या आजीला रव्याचे लाडू यायचे का? तिला गूळ आवडायचा की साखर? आपल्याकडे गूळ कुठे आहे? रवा कशाचा होतो? हा डबा असा गोल का फिरतो?"

उत्तर यायच्या आत ती खाली उडी मारून बाहेरच्या खोलीत होती, आणि तिथून आणखी काही विचारत होती.

मी तिथेच, रव्यात, भिंतीला टेकून खाली बसले. मग मुग्धाला ऑफिसात फोन लावला. ती घाबरली, या वेळी मी कधी करत नाही. "आई, काय झालं?"

मी म्हणाले, "काही नाही गं. उठली."

मग मुग्धा म्हणाली, "शाब्बास म्हण तिला."

बाहेरच्या खोलीतून हाक येत होती. मी गेले. रवा आज सकाळी झाडला. फ्रिजखाली थोडा राहिलाय, तो राहू दिलाय.